निळ्या पट्ट्याचं प्रकरण

समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी आमचे साहेब उजवा तळहात वर करत आणि म्हणत, "नाही!" चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा तो हात. त्याच्यापुढे वाक्य थांबायचं, माणूस थांबायचा, कधी कधी माणसाची बढतीही थांबायची.

"साहेब, चहा..."

"नाही!"

"आणलाय."

"मग ठेवा. तोंड काय बघताय?"

कॅन्टीनच्या माणसाने काही दिवसांत विचारणं सोडून दिलं. तो कप ठेवायचा आणि हात वर व्हायच्या आत दाराबाहेर असायचा. आम्हा बाकीच्यांना तेवढी चपळाई जमली नाही.

तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. कोणी बोट लावलं की फुटणारा. फरक इतकाच, की तुमच्याकडचा तसा असूनही टिकून असतो आणि आमच्या साहेबांना सरकार नेमका त्याच गोष्टीचा पगार देत होतं.

पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत. त्यातल्या कोणत्या एकीत मी नोकरी करते हे सांगायची परवानगी नाही, आणि सांगून तुमचा काही फायदाही नाही. माझं काम चाचण्यांच्या तयारीचं. शास्त्रज्ञ शोध लावतात. तो शोध मैदानावर पोचतो तेव्हा त्याच्यासोबत पाने, बोल्ट, ताडपत्री, पाण्याचे जार, प्रथमोपचाराची पेटी आणि दुपारचं जेवणही पोचतंय का, ते मी बघते. यादी करते, खुणा करते, गाडीत शेवटी बसते. "मॅडमना यादी द्या, त्या युद्ध जिंकून देतील," असं साहेब म्हणत. हे कौतुक नव्हतं. पण मैदानावर तहान लागली की ते पहिल्यांदा माझ्याच गाडीकडे येत.

आमच्या गटाकडे रणगाड्याच्या कवचाचं काम. परेडच्या फोटोत रणगाड्याच्या अंगावर बाहेरून विटांसारखे चौकोनी डबे दिसतात ना, ते. डब्यात दोन पोलादी पत्रे आणि मध्ये स्फोटकाचा थर. शत्रूचा गोळा आदळला की त्यातून धातूची बारीक धार सुटते आणि जाड पोलादालाही आरपार भोक पाडते. पण ती रणगाड्यात घुसण्याआधी आमचा डबा स्वतःच फुटतो. पत्रे उडतात, धार मोडून टाकतात, आतले जवान वाचतात. डबा मात्र संपतो.

नव्याने भरती झालेल्यांना साहेब हे क्रीमच्या बिस्किटावर शिकवत. बिस्किट नेहमी शिकणाऱ्याचं.

"हा वरचा पत्रा. हा खालचा. मधलं हे स्फोटक. आता गोळा येतो..." आणि बिस्किट तोंडात. "डबा संपला. समजलं?"

"सर, पण पत्रे उडतात तेव्हा..."

"नाही! दुसरं बिस्किट आहे का?"

डबा तिरका लावावा लागतो, हे त्यांचं आवडतं सूत्र. धारेला अगदी सरळ सामोरा ठेवला तर पत्रा फारसा उपयोगी पडत नाही. तिरका असला की तो धारेला आडवा येत राहतो. "सरळ राहून कोणाचं भलं झालंय?" ते म्हणत. "तिरकं राहायला शिका." परप्रांतातून बदलून आलेले हे वहीत उतरवून घेत. साहेब स्वतः नारायण पेठेत वाढलेले. त्यांना हे कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

त्यांची-माझी पहिली भेट साडीवरून झाली. मी नवीन होते, स्फोटकांच्या इमारतीच्या दाराशी उभी. ते आतून आले, मला पायापासून वर बघितलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "साडी कसली?"

मीही पुण्याचीच. म्हटलं, "कोणासाठी घ्यायचीय का?"

"कॉटन की नायलॉन?"

"कॉटन."

"फॉल?"

"काय?"

"फॉल, मॅडम. साडीला खालून पट्टी लावता ती. कसली आहे?"

पॉलिस्टरची होती. सगळ्यांची असते.

"नाही!" हात वर. "बाहेर!"

कृत्रिम धाग्यावर स्थिर वीज साठते, आणि स्फोटकाला एवढीशी ठिणगीही पुरते. म्हणून आत सुती कपडे, आणि दाराशी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची. हे मला तिथल्या शिपायाने समजावून सांगितलं. समजावण्याचं खातं साहेबांनी स्वतःकडे ठेवलेलं नव्हतं.

त्या शनिवारी मी कामावरच्या सगळ्या साड्या घेऊन फॉल-पिकोवाल्याकडे गेले.

"कॉटनचा फॉल? आटतो हो मॅडम. साडी खालून गोळा होईल."

"होऊ द्या."

"असलं कोणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"म्हणजे मिस्टरांनी?"

"नाही हो. ऑफिसच्या."

त्याने साड्या मुकाट्याने घेतल्या. पण पुढे मी दुकानात गेले की तो आतल्या बाजूला बसलेल्या बायकोला हाक मारून बाहेर बोलवायचा, आणि दोघं मिळून मला बघायचे.

सांगायचा मुद्दा, माणूस नियमाला पक्का होता. टेरिकॉटची पँट घातली म्हणून त्याने खुद्द संचालकांना इमारतीबाहेर उभं केलं होतं. अशा माणसाला एखादी तरी दुखरी नस असतेच. यांची होती दिल्लीचे पाहुणे. पाहुणा येणार असं कळलं की साहेबांचा आवाज खाली यायचा, केसांना तेल लागायचं, आणि ज्या कॅन्टीनच्या माणसाला ते एरवी हाताने थांबवत त्यालाच "अहो, काजू आहेत ना?" असं विचारत.

आता निळा पट्टा काय, ते सांगते. खऱ्या डब्यांबरोबर आम्ही डमी डबेही बनवतो. तेच वजन, तोच आकार, आत स्फोटकाऐवजी निरुपद्रवी भुकटी. चाचणीत मधोमध एक खरा डबा लावायचा, आणि रणगाड्यावर असतात तसे शेजारीपाजारी दिसावेत म्हणून भोवती डमी. दोन्ही हिरवे. ओळखायला डमीवर रुंद निळा पट्टा. साहेबांनी स्वतः केलेला नियम दारोदारी फ्रेम करून लावला होता: 'पट्टा आहे, तो डमी. पट्टा नाही, तो खरा. शंका नको, चर्चा नको, थेट मॅगझिनला.' मॅगझिन म्हणजे स्फोटकांचं कोठार. वाचायचं मासिक नव्हे. हेही एकदा एका लेखनिकाला सांगावं लागलं होतं.

दिल्लीचा एक फार मोठा पाहुणा येणार होता. त्याला दाखवायला आवारात रणगाडा उभा करून त्यावर डबे चढवायचे ठरले. अर्थात डमी. आणि साहेबांना तो निळा पट्टा खुपायला लागला. पाहुणा विचारणार, हे निळं काय? मग सांगावं लागणार, हे खोटं आहे. मोठ्या पाहुण्याला खोटं आहे असं सांगितलेलं आवडत नाही. न सांगितलेलं चालतं.

डबे रंगवायचं काम सलीमभाईंकडे. भवानी पेठेत त्यांचं आजोबांपासूनचं रंगाचं वर्कशॉप. लष्कराच्या पेट्या, टाक्या, पाट्या, आमचे डबे, सगळं सरकारी काम. तेच बंद झालं तर वर्कशॉपला कुलूप, इतका साधा हिशेब. साहेबांनी त्यांना एकट्याला बोलावून सांगितलं, पट्टे पुसा. ते बोलणं दोघांतच झालं. मला सलीमभाईंनी नंतर सांगितलं ते असं.

"साहेब, पट्टा राहू द्या. पाहुणे येतील-जातील, डबा तर इथंच राहणार."

"नाही!"

"बरं, कोपऱ्यात एक छोटा ठिपका तरी..."

"ठिपका कशाला? बाळाला तीट लावताय?"

सलीमभाईंनी पट्ट्यांवर हिरवा हात मारला.

पाहुणा आला, रणगाड्याभोवती फिरला, एका डब्यावर हात ठेवून त्याने फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "एकदम असली लगता है!" साहेब त्यावर कितीतरी दिवस जगले. "माझा खोटा डबा खऱ्यापेक्षा खरा आहे," असं ज्याला त्याला सांगत होते. नशिबाने हे वाक्यही त्यांचं खरं ठरणार होतं.

पाहुणा गेल्यावर सलीमभाईंनी डब्यांवर पुन्हा पट्टे ओढले. एक डबा सोडून. पाहुण्याचा हात लागलेला तो डबा साहेबांनी तसाच, हिरवागार, संचालकांच्या स्वागतकक्षात काचेच्या स्टँडवर ठेवायला लावला. वर दिवा. देव्हाऱ्यात नसतो एवढा उजेड त्या डमीला मिळाला.

मग साहेब आणि आम्ही दुसऱ्या एका कामासाठी दौऱ्यावर गेलो, संचालक दिल्लीला. मागे नवा सुरक्षा अधिकारी रुजू झाला. सैन्यातून आलेला, आज्ञा शब्दशः पाळणारा. तो स्वागतकक्षात आला, डबा पाहिला, पट्टा शोधला. पट्टा नाही. म्हणजे खरा. शंका नको, चर्चा नको.

त्याने काय काय केलं ते ऐकून अजून माझा जीव सुखावतो. इमारत रिकामी केली. स्वागतिका पळत कॅन्टीनपर्यंत गेली आणि घाबरून दोन वडे खाल्ले. स्फोटकांची खास गाडी आली, लाल झेंडे लागले, भुकटी भरलेला तो डबा गादीवर निजवून माणसाच्या चालीने मॅगझिनपर्यंत नेला गेला आणि खऱ्या डब्यांच्या रांगेत मानाने ठेवला गेला. आमच्या संस्थेत इतक्या काळजीने आजवर कोणालाच नेलेलं नाही, हृदयविकाराच्या माणसालाही नाही.

परत आल्यावर साहेबांनी रिकामा स्टँड पाहिला. त्यांना वाटलं, संचालकांनी डबा दिल्लीला भेट म्हणून दिला. संचालकांना वाटलं, साहेबांनी परत नेला. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं होतं, आणि हे दोघांपैकी कोणाच्याच पदाला शोभणारं नव्हतं. सुरक्षा अधिकाऱ्याने वर अहवाल पाठवला होता. तो 'पाहिले' असा शेरा घेऊन परत आला, म्हणजे कोणी पाहिला नव्हता. मॅगझिनमध्ये एक डबा जास्त भरत होता. पण तुम्हाला सरकारी कोठार माहीत आहे. वस्तू कमी भरली तर आकाश कोसळतं. जास्त भरली तर कोणाची तक्रार नसते.

तो जास्तीचा डबा चाचणीला निघाला. साधीसुधी चाचणी नव्हती ती. सैन्याचे अधिकारी येणार होते. यात उतरलं तर कवच सैन्यात जाणार, म्हणजे साहेबांच्या सगळ्या नोकरीचं सार्थक.

मैदानावर रणगाड्याच्या जागी जाड पोलादी पाट उभा केला. भोवती पट्टेवाले डमी, मधोमध बिनपट्ट्याचा तो. साहेबांनी प्रत्येक बोल्ट हाताने तपासला, कोन मोजला, मला म्हणाले, "मॅडम, आज जिलेबी मागवून ठेवायला हवी होती." आम्ही खंदकात गेलो. मोजणी झाली. गोळा सुटला.

एकच आवाज. सुका, एखाद्याने हात झटकावा तसा. आम्ही पुढच्या मोठ्या आवाजाची वाट पाहत कानावर हात धरून बसलो होतो. तो आलाच नाही. धूर खाली बसल्यावर दुर्बिणीतून दिसलं: डबा जागच्या जागी, मध्ये भोक, पाटातूनही आरपार भोक, आणि डब्यातून पांढरी भुकटी खाली सांडतेय. कोणी दारात रांगोळी घालायला बसावं तशी.

सैन्याचे कर्नल सभ्य होते. फक्त म्हणाले, "सर, आपका डिब्बा तो सोता रह गया."

साहेबांचा हात वर आला नाही. तो खिशात होता. बाहेर काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

चौकशी लागली. कोणत्या वाटेने डबा कुठे गेला ते हळूहळू बाहेर आलं. सुरक्षा अधिकाऱ्याने फ्रेम केलेला नियमच काढून दाखवला. त्याला हात लावता येईना. मग सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं: डमीवर पट्टा का नव्हता? आणि याचं उत्तर संचालकांना फार लवकर सापडलं. त्यांनी साहेबांना बोलावलं. चौकशीच्या व्यवस्थेसाठी मीही तिथेच होते. सरकारी खोलीत यादी घेऊन उभी असलेली बाई कोणाला दिसत नाही.

"हे बघा," संचालक म्हणाले, "तुम्ही एकच वाक्य बोलायचं. पेंटरने पट्टा दिलेला नव्हता. खोटं आहे का हे?"

"नाही," साहेब म्हणाले. हात न उचलता, हळू.

"मग झालं. कंत्राटदार काळ्या यादीत जाईल, दुसरा येईल. तुमचा प्रकल्प तुमच्याकडे. पुढच्या चाचणीत सगळे हे विसरतील."

वाक्य खरंच खोटं नव्हतं. त्या डब्यावर सलीमभाईंनी पुन्हा पट्टा दिला नव्हता. असली सचोटीची वाक्यं तयार करायलाच माणसं संचालक होतात.

चौकशीच्या दिवशी सलीमभाई व्हरांड्यात बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पण नखांत हिरवा रंग तसाच.

"मॅडम, आत काय विचारतील?"

"विचारतील ते खरं सांगा."

"माझं खरं कोण ऐकतंय? बोलणं साहेबांचं अन् माझं, दोघांतलं. ते नाही म्हणाले की संपलं." मग नखातला रंग खरवडत म्हणाले, "अन् ते 'नाही' म्हणण्यात कसे आहेत, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. माझा अंदाजही तोच होता. सलीमभाई गेले, वर्कशॉप गेलं, पुढचा रंगारी कोण याची चौकशी मला करायला लागणार, इथपर्यंत मी मनात पोचले होते.

समितीचे अध्यक्ष बाहेरून आलेले, गोड आवाजाचे गृहस्थ. नोंदी घ्यायला मी कोपऱ्यात. एका बाजूला संचालक आणि साहेब, समोर सलीमभाई उभे. त्यांना खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"तर," अध्यक्ष साहेबांकडे वळले, "या पेंटरने निष्काळजीपणे पट्टा न देता डबा..."

"नाही!"

तळहात वर. थेट अध्यक्षांच्या नाकासमोर.

"माझा प्रश्न पूर्ण झालेला नाही."

"गरज नाही. पट्टा मी पुसायला लावला. हा माणूस दोनदा नको म्हणाला. मी ऐकलं नाही."

संचालक खाकरले. "साहेब, तुम्ही दमलेले दिसता. जरा विचार करून..."

"नाही! विचार केला असता तर पट्टा पुसलाच नसता. दिल्लीच्या पाहुण्याला खोटं दिसू नये म्हणून पुसला. तुम्ही शेजारी उभे होतात, फोटोत आहात. दात दिसतायत तुमचे."

अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "हे दातांचं लिहू नका."

"आणि तुम्ही!" साहेब आता सलीमभाईंवर फिरले. चेहरा लाल. "तिसरी पिढी म्हणे! मी सांगितलं म्हणून ऐकलंत? ब्रश तुमच्या हातात होता की माझ्या? एक ठिपका चोरून ठेवता आला नाही?"

"साहेब," सलीमभाई म्हणाले, "तुमच्यापुढं चहावाल्याला चहा ठेवता येत नाही, मी ठिपका कुठून ठेवू?"

खोलीत कोणी हसलं नाही. मी मान खाली घालून लिहीत राहिले. सलीमभाईंनी बाहीने डोळे पुसले आणि डोळ्याखाली थोडा हिरवा रंग लागला.

निकाल आमच्याकडे लागतात तसा लागला. सलीमभाईंना 'समज', काम चालू. संचालकांना पुढे कार्यक्षमतेचं प्रशस्तिपत्र. साहेबांना प्रकल्पातून काढून राजभाषा कक्षात. ज्यांना सरकारी कार्यालय माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंदीचा वापर वाढवण्यासाठी प्रत्येक कार्यालयात असा एक कक्ष असतो. एक टेबल, एक कपाट, शब्दकोश, आणि ज्याला कुठे ठेवावं हे समजत नाही तो माणूस.

तिथेही ते साहेबच होते. हिंदी पंधरवड्याच्या घोषवाक्य स्पर्धेत त्यांनी एकालाही बक्षीस दिलं नाही. "सगळ्यांत 'भाषा हमारी माता है' आहे. एकाच आईची इतकी मुलं आणि एकाचंही शुद्धलेखन धड नाही." काव्यवाचनात एकाने "हे हिंदी, तू..." म्हणताच हात वर केला. तो बिचारा अजून स्टेजवर कविता म्हणत नाही.

एकदा आमच्या गटाकडून त्यांच्याकडे फाइल गेली. पुढच्या चाचणीच्या सूचनेचं मुखपृष्ठ हिंदीत हवं होतं. फक्त मुखपृष्ठ. आतली पानं क्लिप लावून बंद, कारण प्रकल्पात नसलेल्याने आत बघायचं नाही. फाइल मीच घेऊन गेले होते. आयुष्यभर जे बनवलं त्याचं नाव त्यांनी शब्दकोश न उघडता हिंदीत लिहिलं: विस्फोटक प्रतिक्रियाशील कवच. अक्षर सुरेख होतं. मग फाइल उचलून उजेडात धरली.

"क्लिप सैल आहे," म्हणाले. "घट्ट लावा. कोणीही उघडून बघेल."

ती चाचणी झाली. नवे गटप्रमुख, तेच मैदान, तेच कर्नल. मी परत आले आणि दौऱ्याच्या एका अर्जावर हिंदीतला शेरा हवा, असं निमित्त काढून कक्षात गेले. निकाल त्यांना सांगायला मला मनाई. विचारायला त्यांना.

"ऊन होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"पाणी पुरलं?"

"पुरून उरलं."

"जेवण?"

"पिठलं-भाकरी. पिठलं पातळ होतं."

ते अर्जावर शेरा लिहू लागले. लिहिता लिहिता खाली मान घालूनच काहीतरी पुटपुटले.

"सर, जरा मोठ्याने बोला," मी म्हटलं. "कालपासून कान वाजतायत. कानांवर मफ लावूनसुद्धा."

त्यांचं पेन थांबलं.

"कालपासून?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही. अजून सगळं लांबून ऐकू येतंय."

कान वाजतायत म्हणणं हा गोपनीयतेचा भंग नाही. मी नियम वाचून गेले होते.

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. काचा स्वच्छच होत्या. "डॉक्टरला दाखवा," ते म्हणाले. मग घाईने, "नको. राहू द्या. वाजू देत." अर्जावर त्यांनी शेरा दोनदा लिहिला आणि सहीच केली नाही. मला तो नंतर दुसऱ्याकडून सही करून आणावा लागला.

त्याच महिन्याच्या शेवटी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात संचालक बोलले. कवचाचा उल्लेख करता येत नाही, ते गोपनीय. चौकशीचा करायचा नसतो, ती अशोभनीय. मग उरलं ते त्यांनी मन लावून सांगितलं: "राजभाषेसाठी या व्यक्तीने केलेली सेवा संस्था कधीही विसरणार नाही." टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, सामोसा. उत्तर द्यायला साहेब उठले. सगळे सावरून बसले, संचालक तर खुर्चीत मागे सरकले. साहेब म्हणाले, "धन्यवाद," आणि बसले.

कंत्राटदारांना असल्या समारंभाचं आमंत्रण नसतं. सलीमभाई गेटबाहेर स्कूटर घेऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"चला साहेब. बिबवेवाडीला सोडतो."

"रिक्षा मिळेल मला."

"मिळेल की. पण रिक्षावाला काही विचारेल, तुम्ही त्याला मध्येच तोडाल, तो तुम्हाला स्वारगेटला उतरवेल. बसा."

साहेब बसले. एका हातात नारळ, दुसरा हात कुठे धरावा ते कळेना, शेवटी तो सलीमभाईंच्या खांद्यावर ठेवला. स्कूटर थोडी पुढे गेली आणि थांबली. शालीचं टोक मागच्या चाकाशी लोंबत होतं. सलीमभाई उतरले, वाकून ते टोक सोडवलं, शाल साहेबांच्या कमरेभोवती नीट गुंडाळली आणि पुढे गाठ मारली. गाठ ओढून बघितली. मग स्कूटर सुरू झाली.